नाणे बदलते तेव्हा

घरातली मोड एकदा टेबलावर पसरून पाहा. तिच्यात उंचावलेल्या अंगठ्याचे चित्र असलेले एक रुपयाचे नाणे सापडेल. ते २००७ ते २०११ या काळातले आहे. मग २०११ ते २०१८ या काळातले, रुपयाचे नवे चिन्ह असलेले दोन रुपयांचे नाणे शोधा. दोन्ही नाणी एका तळहातावर ठेवा आणि डोळे मिटा. आता यातले एकाचे कुठले आणि दोनाचे कुठले?

वजनावरून किंवा आकारावरून हे सांगता येणार नाही. दोन्ही नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, दोन्ही गोल आहेत, दोन्हींचा व्यास २५ मिलिमीटर आणि दोन्हींचे वजन ४.८५ ग्रॅम आहे. एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट आहे, पण ते फक्त डोळ्यांना कळते. आणि गंमत अशी की दोन्ही नाणी आजही कायद्याने चालू आहेत.

हे असे कसे झाले? नाण्यांवरची चित्रे आणि त्यांचे आकार बदलतात तरी का? आणि बदलायचे झाले तर ते कोणाला विचारून बदलावेत? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आपल्याला गेल्या सव्वादोनशे वर्षांतली आपलीच नाणी पाहावी लागतील. इतिहासाच्या पुस्तकात नाणी भेटतात ती मुख्यतः राजांच्या नावांसाठी. इथे आपण ती देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या हातातून पाहणार आहोत.

बट्टा लागू नये म्हणून

आज नाण्याचे साल जुने असले तरी त्याची किंमत कमी होत नाही. अठराव्या शतकात तसे नव्हते. बंगालमध्ये रुपयावर मोगल बादशहाच्या राज्यारोहणापासूनचे वर्ष घालत. नव्या वर्षाचा रुपया पूर्ण किमतीला चाले. वर्ष उलटले की तोच रुपया घेताना सराफ काही भाग कापून घेत. चांदी झिजली असेल, हे त्याचे कारण सांगितले जाई. या कपातीला म्हणत बट्टा. ‘नावाला बट्टा लागणे’ हा शब्दप्रयोग आपण आजही करतो, तो या व्यवहारातून आला आहे. रुपया झिजला होता की नाही हे सामान्य रयतेला तपासता येत नसे. त्यामुळे सारा भरताना, कर्ज फेडताना नुकसान तिचेच होई.

ईस्ट इंडिया कंपनीने यावर एक मजेदार तोड काढली. नाण्यावरचे वर्ष बदलणेच थांबवले. बंगालच्या रुपयावर शाह आलम बादशहाच्या कारकिर्दीचे १९ वे वर्ष कायमचे घातले जाऊ लागले. नाणे कोणत्याही वर्षी पाडलेले असो, त्यावरचे वर्ष १९ च. फर्रुखाबादी रुपयावर ४५ आणि सुरती रुपयावर ४६ हे आकडे असेच गोठवले गेले. नाणे जुने की नवे हे वाचताच आले नाही, तर बट्टा लावायला आधार उरत नाही, हा त्यामागचा हिशेब.

महाराष्ट्रातही परिस्थिती सोपी नव्हती. पेशवाईतले रुपये बहुधा मोगल बादशहाच्याच नावाने पाडले जात. कोणता रुपया कुठल्या टांकसाळीतला हे त्यावरच्या लहानशा खुणेवरून ओळखायचे. अंकुशाची खूण असलेला तो अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीतला तो चांदवडी. प्रत्येकाचा भाव निराळा. या गोंधळात सर्वांत स्थिर राहिले ते तांब्याचे लहान नाणे, शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. शिवाजी महाराजांच्या नंतरही शंभर वर्षांहून अधिक काळ ही अक्षरे तशीच राहिली. अक्षरे ओबडधोबड झाली, कधी कडेबाहेर गेली, मध्ये आडव्या रेघा आल्या, पण नाणे ओळखू येत राहिले. बाजारात रोज हात बदलणाऱ्या नाण्याचे रूप न बदलणे हीसुद्धा त्याची एक पत असते, हे या शिवराईवरून दिसते.

१८३५ मध्ये कंपनीने सगळ्या इलाख्यांसाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. एक तोळा तो हाच. आता बादशहाचे नाव गेले आणि इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याचा मुखवटा आला. एकाच वजनाचा आणि एकाच रूपाचा रुपया मिळाल्यावर सराफाच्या बट्ट्याचे काम कमी झाले. सत्ता बदलली हेही त्याच नाण्याने घरोघरी कळवले. नाण्याच्या रूपातल्या बदलाची ही दोन कारणे पुढेही दिसत राहतात: एक व्यवहाराचे, दुसरे सत्तेचे.

हत्तीची सोंड

नाणे काढणारे सरकार एक अर्थ मनात धरून चित्र काढते, पण पाहणारा त्यात आपला अर्थ पाहतो. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९११ चे आहे. पंचम जॉर्ज गादीवर आला आणि त्याचा मुखवटा असलेला नवा रुपया निघाला. राजाच्या अंगावरच्या झग्यावर सन्मानचिन्हाची साखळी होती आणि तिच्यात एक चिमुकला हत्ती होता. मुखवट्याचे शिल्पकार होते बर्ट्रम मॅकेनल. हत्तीची सोंड आखूड पडली आणि लोकांना तो हत्ती न वाटता डुक्कर वाटू लागला. मुसलमान समाजात यावरून नाराजी पसरली. सरकारने ही नाणी देणे थांबवले, उरलेली वितळवली आणि १९१२ च्या रुपयावर हत्ती नीट दिसेल असा ठसा नव्याने तयार केला. जाणकार त्या रुपयाला आजही ‘डुकराचा रुपया’ म्हणतात.

काही मिलिमीटरच्या चित्रासाठी एवढे बलाढ्य साम्राज्य मागे सरले. कारण उघड आहे. नाणे चालते ते घेणाऱ्याने हात पुढे केला म्हणून. त्याने नको म्हटले तर राजाचा मुखवटा असूनही ती नुसती चांदीची चकती.

याच काळातल्या एका चांगल्या कल्पनेचीही नोंद घ्यायला हवी. १९०७ पासून एक आण्याचे नाणे तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे निघू लागले. त्याची कड पाकळ्यांसारखी नागमोडी होती, त्यामुळे गोल नाण्यांत ते हाताला चटकन लागे. त्यावर किंमत इंग्रजीखेरीज नागरी, उर्दू, बंगाली आणि तेलुगू अशा चार लिप्यांत लिहिलेली होती. ज्याला यातली एकही लिपी येत नव्हती, त्याच्यासाठी कड होती.

युद्धे आणि धातू

नाण्याचे रूप बदलायला लावणारे तिसरे कारण म्हणजे धातू. पहिल्या महायुद्धात चांदी दुर्मीळ झाली. १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली. १९१८ मध्ये दोन आण्याचे नाणे चांदीऐवजी तांबे-निकेलचे झाले, आणि चांदीच्या जुन्या गोल नाण्याशी गल्लत होऊ नये म्हणून ते चौकोनी केले गेले.

दुसऱ्या महायुद्धात हीच गोष्ट अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली. अशा नाण्याची नक्कल करणे सोपे, म्हणून त्याच्या कडेवर खास खाच पाडली जाऊ लागली. तांबेही लागत होते, ते काडतुसांसाठी. म्हणून १९४३ मध्ये एक पैशाच्या नाण्याच्या मध्यभागी मोठे भोक आले. जुन्या पैशाच्या मानाने याचे वजन निम्म्याहूनही कमी होते. आपल्या आजीआजोबांनी पाहिलेला हा भोकाचा पैसा. दिसायला ते नावीन्य वाटते, पण त्यामागे युद्धाची काटकसर होती.

इथे थोडे थांबून एक तत्त्व समजून घेऊ. नाण्यातल्या धातूची बाजारातली किंमत नाण्यावर लिहिलेल्या किमतीपेक्षा वाढली, की लोक नाणी वितळवून धातू विकतात आणि बाजारातून मोड नाहीशी होते. उलट धातू फारच स्वस्त असला, की खोटे नाणे पाडणे फायद्याचे ठरते. टांकसाळीला या दोन टोकांच्या मधून वाट काढायची असते. धातू बदलला की रंग, वजन, आवाज सगळेच बदलते. नाणे खणखणीत वाजवून घेण्याची सवय असलेल्या माणसाला हा बदल लगेच जाणवतो.

सिंह, बैल, घोडा आणि कणसे

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला तरी नाण्यांवर सहावा जॉर्ज तसाच राहिला. नवे ठसे तयार होईपर्यंत जुनीच नाणी चालू ठेवणे भाग होते. १५ ऑगस्ट १९५० रोजी प्रजासत्ताकाची पहिली मालिका निघाली. राजाच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंह आले. रुपयाच्या मागच्या बाजूला १९४७ मध्ये वाघ होता, तिथे धान्याची कणसे आली. दोन आणे, एक आणा आणि अर्धा आणा यांवर बैल आला, तर एका पैशावर घोडा.

बैल आणि घोडा का निवडले, असा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. सारनाथच्या शीर्षावर सिंहांच्या पायाखालच्या पट्टीत हत्ती, बैल, घोडा आणि सिंह कोरलेले आहेत. म्हणजे नाण्याची पुढची आणि मागची बाजू एकाच शिल्पातून घेतलेली आहे. शिवाय बैल, घोडा, कणीस ही चित्रे खेड्यातल्या निरक्षर माणसालाही ओळखीची. मात्र चार लिप्या गेल्या, आता नागरी आणि इंग्रजी एवढ्याच राहिल्या. या मालिकेत मोल, वजने आणि आकार जवळपास पूर्वीचेच ठेवले होते. राजा गेला तरी चवली हाताला चवलीच लागत होती. सत्तेचा एवढा मोठा बदल झाला, पण बाजारात गोंधळ झाला नाही, याचे कारण यात आहे.

नया पैसा: नाणे शिक्षक होते तेव्हा

खरी परीक्षा सात वर्षांनी झाली. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै होत्या. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै. १९५५ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर भाग झाले. जुन्या पैशाशी घोळ होऊ नये म्हणून या भागाला ‘नया पैसा’ म्हटले. १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द काढून टाकला.

कोट्यवधी लोकांचे तोंडी गणित एका दिवसात बदलायचे होते, आणि त्यातले बहुसंख्य लोक निरक्षर होते. या वेळी नाण्यांची आखणी कशी केली ते पाहण्यासारखे आहे. एक नया पैसा काशाचा, लहान आणि गोल. दोनचे नाणे नागमोडी कडेचे. पाचचे चौकोनी. दहाचे पुन्हा नागमोडी, पण दोनच्या नाण्यापेक्षा बरेच मोठे. एकापासून दहापर्यंत वजन वाढत जाणारे: दीड, तीन, चार आणि पाच ग्रॅम. पंचवीस आणि पन्नास निकेलचे आणि गोल, जुन्या पावली-अधेलीच्या जागी तशीच बसणारी. शेजारशेजारच्या किमतींची लहान नाणी आकाराने वेगळी ठेवल्यामुळे काळोखातही ती ओळखता येत.

आणखी एक गोष्ट केली होती. नया पैशावर हिंदीत लिहिले होते, ‘रुपये का सौवाँ भाग’. दोनच्या नाण्यावर पन्नासावा भाग, पाचच्या नाण्यावर विसावा भाग, दहाच्या नाण्यावर दहावा भाग. अपूर्णांकांचा धडा नाण्यावरच छापलेला होता. ज्याला वाचता येत होते तो दुसऱ्याला वाचून दाखवी.

तरी अडचणी होत्याच, आणि त्या गणिताच्या तासाला उपयोगी आहेत. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. पण पाव नया पैसा अस्तित्वात नाही. म्हणून अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडायचा आणि अर्ध्याहून जास्त असेल तर पूर्ण धरायचा, असा नियम होता. त्यानुसार एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे बरोबर २५ नये पैसे झाले. आता एक आण्याची वस्तू चार वेळा वेगवेगळी घेतली तर २४ नये पैसे पडतात, एकदम घेतली तर २५. उलट जुन्या एका पैशाचे १.५६ नये पैसे होतात, म्हणजे दोन धरायचे. एका पैशाचा कढीपत्ता चार वेळा घेणाऱ्या बाईला ८ नये पैसे मोजावे लागत आणि एक आण्याचा एकदम घेणारीला ६. थोडेथोडे विकत घेणारा बहुधा गरीब असतो. पूर्णांकात आणण्याचा साधा नियम कोणाच्या बाजूने झुकतो हे मुलांनी स्वतः करून पाहावे.

बदल रुजला, पण बोलीतून आणे गेले नाहीत. आज पन्नास पैशांचे नाणे दिसणे विरळ झाले तरी आपण आठ आणे म्हणतो आणि पूर्ण खरे असेल त्याला सोळा आणे सच्च म्हणतो. भाषेतले नाणे सरकारला बदलता येत नाही.

हलका होत गेलेला रुपया

साठच्या दशकात तांबे आणि निकेल महागले. १९६४-६५ पासून लहान नाणी अॅल्युमिनियमची होऊ लागली. यात एक शहाणपण होते: पाचचे नाणे चौकोनी आणि दोनचे नागमोडी राहिले. रंग आणि वजन बदलले तरी आकाराची ओळख टिकली. १९६४ मध्ये तीन पैशांचे नाणे नव्याने आले, ते षटकोनी, म्हणजे आधीच्या कुठल्याच नाण्याशी न जुळणारे. ही नाणी इतकी हलकी होती की एक पैशाचे वजन पाऊण ग्रॅम भरे.

याच सुमारास नाणे हे संदेशाचे वाहनही बनले. १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या, १९६९ मध्ये गांधीजींच्या स्मरणार्थ नाणी निघाली. सत्तरच्या दशकात धान्याची वाढ आणि कुटुंबनियोजन यांची चित्रे नाण्यांवर आली. जाहिरातीचा फलक जिथे पोचत नाही, तिथे नाणे पोचते, हा विचार त्यामागे होता.

१९८८ पासून स्टेनलेस स्टील आले. दहा, पंचवीस आणि पन्नास पैसे स्टीलचे झाले. पंचवीस पैशांवर गेंडा होता, तो अनेकांना आठवत असेल. हे स्टील लोखंड आणि सुमारे १७ टक्के क्रोमियम यांचे असते, ते गंजत नाही आणि स्वस्त पडते. पण ते कठीण असल्याने ठसा खोल उठवायला जास्त दाब लागतो आणि ठसे लवकर झिजतात. म्हणून स्टीलच्या नाण्यांवरची चित्रे उथळ असतात. बोटाला लागणारा उंचसखलपणा कमी होतो, ही त्याची न दिसणारी किंमत.

रुपयाचा प्रवास आकड्यांत असा आहे:

१८३५: चांदी, ११.६६ ग्रॅम, व्यास ३०.५ मि.मी.
१९६२: निकेल, १० ग्रॅम, २८ मि.मी.
१९७५: तांबे-निकेल, ८ ग्रॅम, २८ मि.मी.
१९८३: तांबे-निकेल, ६ ग्रॅम, २६ मि.मी.
१९९२: स्टील, ४.८५ ग्रॅम, २५ मि.मी.
२०११: स्टील, ३.७९ ग्रॅम, २२ मि.मी.
२०१९: स्टील, ३.०९ ग्रॅम, २० मि.मी.

बंदा रुपया वजनाने जवळजवळ चौथा हिस्सा उरला. भाववाढीचा याहून बोलका तक्ता सापडणे कठीण.

हाताचा विसर

१९९२ नंतरची काही वर्षे व्यवहारातली नाणी सहज ओळखू येत. रुपया स्टीलचा आणि गोल. दोन रुपये तांबे-निकेलचे आणि अकरा बाजूंचे, त्यावर भारताचा नकाशा आणि ध्वज. पाच रुपये जाड, ९ ग्रॅमचे वजनदार नाणे. डोळे मिटूनही तिन्ही वेगळी कळत.

२००५ च्या सुमारास दोन रुपयांचे नाणेही स्टीलचे आणि गोल झाले. रुपयाचा व्यास २५ मि.मी., दोनाचा २७ च्या आसपास. अकरा बाजू गेल्या. दोन्हींवर चार भागांत विभागणाऱ्या रेषा आणि चार ठिपके असे विविधतेतील एकतेचे एकच चित्र होते. काहींना त्यात ख्रिस्ती क्रूस दिसला आणि वाद झाला. १९११ च्या हत्तीसारखेच हे. पण आमच्या मते खरा दोष वेगळा होता. दोन वेगळ्या किमतींवर एकच चित्र, एकच धातू, एकच आकार होता, त्याची चर्चा मात्र कमी झाली.

२००७ मध्ये हस्तमुद्रांची मालिका आली. रुपयावर उंचावलेला अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटे. कल्पना छान होती. अक्षर न येणारालाही बोटे मोजता येतात. पण आकार तसाच राहिला, त्यामुळे डोळ्यांना सोपे झाले तरी हाताला नाही.

२०१० मध्ये उदय कुमार यांनी रेखाटलेले रुपयाचे चिन्ह स्वीकारले गेले आणि २०११ मध्ये ते नाण्यांवर आले. त्याच वेळी एक आणि दोन रुपयांची नाणी एक पायरी लहान झाली. आता या लेखाच्या सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर मिळते. नव्या दोन रुपयांना जुन्या रुपयाचे वजन आणि व्यास मिळाले. नवा रुपया ३.७९ ग्रॅम आणि २२ मि.मी. झाला, आणि १९८८ च्या स्टीलच्या पन्नास पैशांचे मापही नेमके हेच होते. नवी मालिका स्वतंत्रपणे पाहिली तर तिच्यात क्रम आहे. पण नाणी कधी एकटी मालिका म्हणून वावरत नाहीत. जुनी नाणी रद्द न करता नवी आणली की गल्ल्यात दोन्ही एकत्र येतात. त्याच वर्षी ३० जूनपासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी रद्द झाली, पण पन्नास पैसे आणि जुने रुपये चालूच राहिले.

याची किंमत कोणी मोजली? लोकलमध्ये कंगवे आणि पिना विकणाऱ्या अंध विक्रेत्याने. कंदिलाच्या उजेडात मोड परत करणाऱ्या भाजीवालीने. गर्दीत एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने पैसे मोजणाऱ्या कंडक्टरने. नोटा आणि नाणी ओळखण्यातल्या अडचणींबाबत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०१९ मध्ये तिच्या सुनावणीत, नोटांचे आकार वारंवार बदलावे का लागतात, असा प्रश्न न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला विचारला होता.

फार चित्रे झाली की दुसराही त्रास होतो. दहा रुपयांचे दुहेरी धातूचे नाणे २००९ पासून चलनात आहे. त्याच्या एवढ्या आवृत्त्या निघाल्या की ‘हे खोटे, हे खरे’ अशा अफवा पसरल्या आणि दुकानदार ते घेईनासे झाले. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की चौदाही प्रकारची नाणी खरी आहेत. अठराव्या शतकातला सराफ साल पाहून बट्टा लावत होता, एकविसाव्या शतकात चित्र पाहून नाणे नाकारले जाऊ लागले. मूळ रोग एकच: ओळखीचा अभाव.

बोटे काय मोजतात?

एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने हातातल्या वजनांवर प्रयोग केले. दोन वजनांतला फरक आपल्याला जाणवतो तो किती ग्रॅमचा आहे यावरून नव्हे, तर मूळ वजनाच्या किती पट आहे यावरून, असे त्याला आढळले. म्हणजे नाण्यांची मालिका आखताना प्रत्येक पायरीवर फरकाचे प्रमाण पुरेसे हवे, आणि जिथे ते ठेवता येत नाही तिथे कड किंवा आकार बदलायला हवा.

परदेशांतही हा धडा मिळालेला आहे. अमेरिकेत १९७९ मध्ये सुझन अँथनी यांचे चित्र असलेला लहान डॉलर काढला. त्याचा व्यास २६.५ मि.मी. आणि पाव डॉलरचा २४.३. दोन्ही चंदेरी आणि दातेरी कडेचे. लोक फसू लागले आणि ते नाणे रुजलेच नाही. उलट युरोची नाणी आखताना युरोपातल्या अंधांच्या संघटनेचा सल्ला घेतला गेला, आणि कडांमध्ये मुद्दाम फरक ठेवले गेले.

७ मार्च २०१९ रोजी दिल्लीत आपली नवी मालिका जाहीर झाली, त्या कार्यक्रमाला अंध मुलांना बोलावले होते. वजने अशी: एक रुपया ३.०९ ग्रॅम, दोन ४.०७, पाच ६.७४, दहा ७.७४ आणि वीस ८.५४. किंमत वाढते तसे वजन वाढते. दहा आणि वीस दोन्हींचा व्यास २७ मि.मी. आहे, पण वीसचे नाणे बारा बाजूंचे आहे. बाजू परत आल्या. १९५७ च्या चौकोनी पाचामागचा विचार बासष्ट वर्षांनी पुन्हा उजेडात आला असे म्हणायला हरकत नाही. २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाची नाणी काढताना चित्र बदलले, पण मापे अंधांना ओळखता येतील अशीच ठेवली.

प्रश्न संपला मात्र नाही. नव्या दोन रुपयांचा व्यास २३ मि.मी. आहे, आणि २००९ च्या पाच रुपयांचाही तेवढाच. नव्या पाचाचा व्यास जुन्या रुपयाइतका, २५ मि.मी. वजन आणि रंग वेगळे आहेत, हा दिलासा. जुनी स्टीलची नाणी हळूहळू परत घेतली गेली तरच या मालिकेचा पूर्ण उपयोग होईल.

वर्गात करून पाहा

१. मुलांना घरून नाणी आणायला सांगा. डोळ्यांना पट्टी बांधून प्रत्येकाने दहा नाणी ओळखावीत. कोणती जोडी सर्वांत जास्त चुकते याची नोंद फळ्यावर करा. मग त्या जोडीचा व्यास पट्टीने आणि वजन प्रयोगशाळेतल्या तराजूने मोजा.

२. नाण्यांजवळ लोहचुंबक न्या. शुद्ध निकेलचा जुना रुपया आणि आजचा स्टीलचा रुपया चिकटतात. तांबे-निकेल, अॅल्युमिनियम आणि निकेल-पितळ यांची नाणी चिकटत नाहीत. तांबे-निकेलमध्ये पाव हिस्सा निकेल असूनही ते का चिकटत नाही, यावर चर्चा होऊ द्या.

३. सालाखालची खूण शोधा. चौकट असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. आपल्या गावात कुठल्या टांकसाळीची नाणी जास्त येतात?

४. गटागटाने पाच नाण्यांची नवी मालिका आखा. अट एकच: आधी ती पुठ्ठ्याची करून डोळे मिटलेल्या दुसऱ्या गटाकडून ओळखून घ्यायची, चित्र त्यानंतर काढायचे.

ही चौथी अट आम्ही मुद्दाम घातली आहे. नाणे बदलायचे ठरते तेव्हा चर्चा होते ती चित्राची: कोणाचा मुखवटा, कोणते चिन्ह, कोणते फूल. मालिका चालते की फसते हे मात्र आकाराने, वजनाने आणि कडेने ठरते. चित्र राजाचे असो, सिंहाचे असो वा कणसाचे, ज्याला ते दिसत नाही किंवा वाचता येत नाही त्याच्या हातातही रुपयाला रुपयाच मोजला गेला पाहिजे. नाण्याला बट्टा लागू नये म्हणून सव्वादोनशे वर्षांपूर्वी वर्ष गोठवले होते. आज तेच काम नाण्याची कड करू शकते.